आत मान!

जपानमधल्या यानागावा या कालव्यांच्या गावाला जायचं ठरलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "अहो, तिथे चालायचं नाहीये. नुसतं होडीत बसायचं." बसणं मला जमतं. फुकुओकाच्या तेन्जिनहून पन्नासेक मिनिटांत आम्ही भर जानेवारीत तिथे पोचलो.

होडीला म्हणतात दोन्कोबुने. बूड सपाट, बाकं नाहीत. बूट काढून खालीच बसायचं. थंडीत मधोमध कोळशाची शेगडी, तिच्यावर लाकडी चौकट, त्यावर गोधडी आणि गोधडीत सगळ्यांचे पाय. पहिली दहा मिनिटं स्वर्ग! मग उजव्या पायाला मुंग्या आल्या. तो सरळ करावा तर समोरच्या आजीबाईंना लागायचा, आणि दर वेळी त्याच वाकून माझी माफी मागायच्या. शेवटी मी पायाचा नाद सोडला.

नावाडीकाका लांब बांबूने होडी रेटत जपानीत बरंच काही सांगत होते, मधेच गातही होते. कवी किताहारा हाकुशू (जन्म 1885) याच गावचे, त्यामुळे इथे गाण्याला तोटा नाही. मला कळला तो एकच शब्द. पूल आला की काका ओरडत, "अतामा!" म्हणजे डोकं. मला ते 'आत मान!' असंच ऐकू यायचं आणि काम तेवढ्यावर भागायचं. पण काही पूल इतके ठेंगणे, की पोटही आत घ्यावं लागतं, आणि ते माझ्या हातात राहिलेलं नाही. एकदा तर मी गोधडीवर पालथाच पडलो. वर येताना टोपीला पुलाचं हिरवं शेवाळ.

1977 च्या सुमारास घाणीने तुंबलेले हे कालवे बुजवायचं नगरपालिकेत घाटत होतं. तिथल्याच हिरोमात्सु त्सुताए नावाच्या कर्मचाऱ्याने ते अडवलं आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन कालवे साफ केले. थोर माणूस. पण पन्नासाव्या मिनिटाला माझे गुडघे नगरपालिकेच्या बाजूने होते.

सत्तर मिनिटांनी ओकिनोहाता आलं. मी उतरलो नाही, मला उतरवलं. एकीकडून काकांनी, दुसरीकडून त्याच आजींनी.

जेवायला सेइरोमुशी. उनागी म्हणजे आपल्या वामेची गोड्या पाण्यातली चुलत बहीण. ती भाजून, गोडसर रसातल्या भातावर ठेवून लाकडी डब्यात वाफवतात, वर अंड्याच्या पिवळ्या शेवया. माशात साखर म्हटल्यावर आमच्या आईने ताट सरकवलं असतं. मी डबा चाटूनपुसून संपवला. फक्त इथेही खालीच बसायचं होतं.

रात्री हॉटेलात बाथरूमच्या चौकटीवर कपाळ दणकन आपटलं.

"आत मान," पांघरुणातून बायको म्हणाली.