काठावर पास झालो, हा गुन्हा झाला का?

'सीजीपीए वाढव जरा' हे ऐकून ऐकून कान किटलेत. इंजिनिअरिंगच्या वर्गात सर तेच म्हणतात, कॉलेजात नोकऱ्यांचं बघणाऱ्या प्लेसमेंट सेलमधल्या मॅडम तेच म्हणतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेले मामाही तेच म्हणतात. कसा वाढवायचा, कोणत्या विषयातून वाढवायचा, हे विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: 'अभ्यास कर.' अहो, करतोय की! पण ज्या पेपरात मार्क गेलेत तो पेपर पुन्हा देऊच देत नाहीत, तर वाढवू कुठून?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडची मिळून सरासरी. त्याला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, दहाची पट्टी आहे. ओ ग्रेडला 10, ए प्लसला 9, एला 8, असं करत करत खाली नुसत्या पासला 4 आणि नापासाला 0. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात, म्हणजे त्या विषयाचं वजन. ग्रेडचा आकडा गुणिले क्रेडिट, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. झाला सीजीपीए. यात अवघड काही नाही. पण हे गणित आम्हाला पहिल्या सेमिस्टरला कोणी फळ्यावर मांडून दाखवलं? कोणीच नाही. इंडक्शनला दोन तास भाषणं झाली, आयुष्यात मोठी स्वप्नं बघा म्हणाले, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं. चार क्रेडिटचा विषय आणि एक क्रेडिटचं प्रॅक्टिकल यात फरक काय असतो, हे कळायला आमचं अख्खं पहिलं वर्ष गेलं.

आणि ते पहिलं वर्ष कसं जातं, हे जिंतूर, सेनगाव, गेवराईकडच्या पोरांना विचारा. दहावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून. अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजीत, पण शिकवणं मराठीतच. प्रवेशाचा कॅप राऊंड लांबत लांबत जातो, शेवटच्या राऊंडला ज्याचा नंबर लागतो तो येईपर्यंत वर्गात दोन युनिट उरकलेली असतात. रूम शोधा, मेस लावा, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलला जा. तेवढ्यात गावाकडे सोयाबीन काढणीला येतं आणि घरून फोन येतो, दोन दिवस येऊन जा. गेलं की अटेंडन्स 75 टक्क्यांच्या खाली. परत आलं की इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचे सर पीपीटीवरचं इंग्रजी जसंच्या तसं वाचून दाखवतायत. एवढ्या सगळ्यातून जो पोरगा एम-वन, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित, आणि मेकॅनिक्स काढतो, भले 40 मार्कांनी का होईना, त्याची पाठ थोपटायला पाहिजे. त्याच्या वाट्याला काय येतं? कायमचा 4.

कायमचा. कारण आमच्याकडे नियम असा की जो विषय सुटला तो सुटला. सुधारणा परीक्षा नाही. बारावीला श्रेणीसुधार आहे, इथे नाही. आता यातला खरा अन्याय बघा. जो नापास झाला त्याला तोच पेपर पुन्हा देता येतो, तो नीट तयारी करून चांगली ग्रेड आणू शकतो. जो काठावर पास झाला त्याला दार बंद! म्हणून होस्टेलवर सिनिअर पोरं ज्युनिअरला सांगतात, 'पेपर अवघड गेला तर कोरा ठेवून ये, काठावर निघू नको.' शिकायला आलेल्या पोराला मुद्दाम नापास व्हायचा सल्ला द्यावा लागतो, ही कसली पद्धत म्हणायची? आणि तो सल्ला ऐकला तरी सुटका नाही. कंपन्यांच्या अटीत दुसरी ओळ असते, बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको. काही कंपन्यांना तर कधीकाळी होता आणि नंतर सुटला, तोही चालत नाही. पास झालात तर 4 वर अडकलात, नापास झालात तर बॅकलॉगचा डाग.

आकडेच मांडतो, म्हणजे 'अभ्यास कर'वाल्यांना कळेल. समजा चारही वर्षांचे मिळून 160 क्रेडिट आहेत. चार क्रेडिटच्या एका विषयात 8 ऐवजी 4 मिळाला, तर शेवटच्या सीजीपीएतून 0.1 गेला. असे तीन विषय असतील तर 0.3. दिसायला एवढंसं दिसतं ना? याच एवढ्याशावर पोरं कॅम्पसच्या यादीतून बाहेर पडतात. आता पुढे. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट सारखे धरा. दुसऱ्या वर्षाअखेर सीजीपीए 5.8 असेल आणि शेवटी 6.75 पाहिजे असेल, तर उरलेल्या चारही सेमिस्टरला सरासरी 7.7 पाहिजे. मेहनत केली तर होतं. पण तिसऱ्या वर्षाअखेरही 5.8 वरच असाल, तर शेवटच्या दोन सेमिस्टरला 9.6 पाहिजे. म्हणजे जवळपास सगळ्या विषयांत ओ. हे कोणी आणून दाखवावं, मी पाया पडतो त्याच्या. आणि नेमकं तिसऱ्या वर्षाच्या शेवटीच सगळ्यांना आमची काळजी वाटायला लागते!

6.75 च का, तर एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, हिशोबाने 6.75 म्हणजे 60 टक्के. सीजीपीएतून 0.75 वजा करा, दहाने गुणा. दुसरीकडे सरळ दहाने गुणतात. म्हणजे 6.3 वाला पोरगा एका सूत्राने 63 टक्के आणि दुसऱ्या सूत्राने 55.5 टक्के. पोरगा तोच, गुणपत्रिका तीच. एका हिशोबाने मुलाखतीला बसतो, दुसऱ्या हिशोबाने दाराबाहेर. नोटीस बोर्डावर कागद लागतो, त्यावर 'दहावी, बारावी, पदवी सर्वत्र 60 टक्के' एवढंच. कोणत्या सूत्राने ते लिहीत नाहीत. विचारायला गेलं की म्हणतात, कंपनीला विचारा.

रिव्हॅल्युएशनचं, म्हणजे पेपर फेरतपासणीचं, तर बोलायलाच नको, पण बोलतो. एका विषयाच्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली होती. पैसे भरले, वाट बघितली, पीडीएफ आली. चौथ्या प्रश्नाचं दुसरं उत्तर दीड पान लिहिलेलं, आकृतीसकट. त्या दीड पानावर पेनाची एक रेघ नाही. ना टिक, ना शून्य, ना फुली. तपासणाऱ्याने पानच उलटलेलं नाही. मित्रांना दाखवलं, सरांना दाखवलं, सर म्हणाले सहज मार्क वाढतील, भर फॉर्म. पुन्हा पैसे भरले. निकाल आला, 'नो चेंज'. का नो चेंज, कोणी बघितलं, काय बघितलं, काही नाही. तोपर्यंत पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख निघून गेलेली असते, म्हणून ज्याचा विषय अडकलाय तो बिचारा रिव्हॅल्युएशनचे पैसेही भरतो आणि त्याच विषयाच्या बॅकलॉगचे पैसेही भरतो. त्याच्या घरी कापूस विकून आलेले पैसे असतात हो ते.

गावाकडची माणसं म्हणतात, सोड ते, एमपीएससी कर, तिथे नुसती पदवी चालते. खरंय, चालते. म्हणूनच शहरातल्या अभ्यासिका इंजिनिअर पोरांनी भरल्यात. चार वर्षं मशीन शिकून तिथे इतिहास पाठ करत बसलेत, कारण पहिल्या वर्षाचे दोन विषय त्यांच्या मानगुटीवरून उतरलेच नाहीत.

आम्हाला फुकटचे मार्क नकोत. काठावर सुटलेला विषय पुन्हा द्यायची परवानगी द्या, फी घ्या, पेपर पाहिजे तेवढा अवघड काढा, दोन्हीतली चांगली ग्रेड धरा. न तपासलेलं पान निघालं तर पैसे परत करा आणि लेखी उत्तर द्या. पहिल्या सेमिस्टरला एक तास, फक्त एक तास, क्रेडिटचं गणित मराठीत समजावून सांगा. याचाच अर्ज घेऊन आम्ही वर्गातली पोरं गेलो होतो. क्लार्कने वाचला, परत हातात दिला आणि म्हणाला, 'असा नियम नाही, आवकला घेता येणार नाही.' मग नियम बदला म्हणून अर्ज द्यायचा तरी कोणत्या खिडकीवर, तेवढं सांगा.