सोय आपली, माहिती मावशींची

प्रायव्हसीवर कुणी काही लिहिलं की एक वाक्य ठरलेलं असतं, आपण सोयीसाठी आपली प्रायव्हसी विकतोय वगैरे. मला नाही वाटत आपण एवढे भोळे आहोत. स्वतःची आपण बऱ्यापैकी सांभाळतो हो. विकतो ती दुसऱ्याची, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची.

आमच्याकडे पुण्यात वाकडला (आणि बाणेर, खराडी, हिंजवडी कुठेही जा, तेच) सोसायटीच्या गेटवर ये-जा नोंदवणारं ॲप आहे. नाव घेत नाही, सगळी साधारण सारखीच असतात. सोय आहे यात वादच नाही. पार्सल आलं की फोनवर कळतं, पाहुण्यांना आधीच कोड पाठवता येतो, वॉचमनकाकांना इंटरकॉमवर "कोण आलंय?" विचारत बसावं लागत नाही. लॉकडाऊनमध्ये तर कमिट्यांना कोण आत आलं कोण बाहेर गेलं याची नोंद हवीच होती, तेव्हा हे जे घुसलं ते कायमचं झालं.

आता त्याच ॲपमध्ये कामाला येणाऱ्या बायकांचं पान उघडून बघा एकदा. मावशींचा फोटो, मोबाईल नंबर, कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये काम करतात त्याची यादी, आज गेटमधून किती वाजता आत आल्या किती वाजता बाहेर पडल्या, महिन्याचं कॅलेंडर, खाडा झाला की लाल ठिपका, आणि खाली स्टार. रेटिंग! माणसाला! आणि हे सगळं फक्त त्या ज्यांच्याकडे काम करतात त्यांनाच नाही दिसत, तर काल भाड्याने राहायला आलेल्या कुणालाही दिसतं. तुमच्या ऑफिसमध्ये तुमचा इन-आऊट टाइम पूर्ण टेक पार्कला दिसायला लागला तर दुसऱ्या दिवशी एचआरच्या दारात मोर्चा जाईल.

आमच्या पोळ्यांच्या मावशींनी मला विचारलं, "ताई, त्या बी विंगच्या मॅडमला कसं कळलं मी आधी वरच्याकडं जाते म्हणून?" मी मोबाईल काढून त्यांचं पान दाखवलं. बराच वेळ बघत होत्या. फोटो गेटवर काढलेला, केस विस्कटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. आधी म्हणाल्या, "काय ध्यान दिसतंय." मग म्हणाल्या, "हा नंबर सगळ्यांला दिसतो?" त्यांना वाटलं होतं गेटवर नंबर लिहून घेतात तो वहीत राहतो, पूर्वीसारखा. त्या मॅडमनी म्हणे सहा पन्नासच्या एन्ट्रीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता, "टायमिंगचं काहीतरी बघायला पाहिजे कमिटीने" असं लिहून, आणि वर पगार कापायची भाषा. साडेसहा ठरलेलं, वीस मिनिटं उशीर, बस चुकली असेल, नळाला पाणी उशिरा आलं असेल, ते ॲपमध्ये कुठे दिसतं?

बरं जाताना काही दिलंत, जुना मिक्सर, साडी, दिवाळीचा फराळ, तर त्याचा गेट पास आपण ॲपवर काढायचा. विसरलात तर त्या गेटवर पिशवी उघडून उभ्या आणि सिक्युरिटी आपल्याला फोन लावतोय, मागून कारवाले हॉर्न वाजवतायत. चकलीचा डबा हो, सोनं नाही.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे सेफ्टी. मान्य. पोलीस व्हेरिफिकेशन करा, ओळखपत्र बघा, गेटवर नोंद ठेवा, कुणीच नाही म्हणत नाहीये. पण स्टार देऊन कुठली चोरी थांबते? आणि ए विंगच्या मावशी किती वाजता आल्या हे डी विंगला कळल्याने कोण सुरक्षित झालं?

गंमत म्हणजे हीच मंडळी स्वतःच्या बाबतीत एकदम जागरूक. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलं की बिलासाठी गिऱ्हाइकाच्या मोबाईल नंबरची सक्ती करू नका, तो मेसेज आमच्या ग्रुपवर किती वेळा फिरला देव जाणे. मॉलमध्ये काउंटरवरच्या पोरीला ठसक्यात "नंबर नाही देणार" सांगता येतं, कारण फार तर काय होईल, पॉइंट्स मिळणार नाहीत. मावशींनी गेटवर "फोटो नाही काढणार" म्हटलं तर काय होईल? त्या दिवसापासून चार घरचं काम बंद. लिफ्टच्या लॉबीतला सीसीटीव्ही एका फ्लॅटच्या दाराकडे वळला होता तेव्हा दोन दिवसांत फिरवून घेतला होता आम्ही, मीटिंगसुद्धा लागली नाही.

हे फक्त गेटपुरतं नाही म्हणा. इन्स्टंट लोनच्या ॲपचं हेच होतं. पाच मिनिटांत पैसे एकाला, आणि हप्ता थकला की फोन त्याच्या मेव्हण्याला, शाळेतल्या मित्राला, जुन्या बॉसला, कारण कॉन्टॅक्ट लिस्टला त्याने "अलाऊ" केलेलं. लिस्टमधल्या लोकांना कुणी विचारलं होतं? शेवटी रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ मध्ये सांगावं लागलं की कर्जाच्या ॲपने फोनमधल्या कॉन्टॅक्ट, कॉल लॉगला हात लावायचा नाही. तेही अधिकृत कर्ज देणाऱ्यांपुरतं, बाकीच्या लुटारूंना कोण विचारतंय.

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. फ्लॅटमालकाचा हक्क असं नाही सांगितलं. मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि त्यातल्या मुख्य तरतुदी लागू व्हायला अजून दीड वर्षाची मुदत दिली, म्हणजे सगळं निवांत चाललंय. पण त्यात एक चांगली गोष्ट आहे. संमती मोकळेपणाने, काही अट न लादता दिलेली पाहिजे, आणि कशासाठी माहिती घेतोय ते सांगणारी नोटीस राज्यघटनेतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायला मिळाली पाहिजे. म्हणजे मराठीत. आमच्या गेटवर मावशींना मराठीत काय सांगितलं होतं माहितीये? "इकडं बघा."

वकील मंडळी म्हणतील नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला कायद्यात सूट आहे. असेल. पण चार घरी काम करणाऱ्या बाईचे मालक चारच ना, सोसायटीतली बाकीची सगळी घरं तिची मालक कधी झाली?

मी सेक्रेटरींशी बोलले. ते भले माणूस आहेत, म्हणाले, "मॅडम, ते कंपनीचं सेटिंग असतं, आपल्या हातात नाही." मग मी हेल्पलाइनला फोन केला, तिथला मुलगा म्हणाला कुणाला काय दिसावं ते सोसायटीचा ॲडमिन ठरवतो. ॲडमिन कोण तर आमचे सेक्रेटरीच! त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडा.

तर मांडणार आहे. रेटिंग बंद, नंबर आणि वेळा फक्त ज्यांच्याकडे काम त्यांनाच दिसणार, महिन्याने जुन्या नोंदी डिलीट, आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा नाही. शेवटच्यावर भांडण होणार हे नक्की. कुणाच्या सोसायटीत असा ठराव झाला असेल तर त्याचा मसुदा कमेंटमध्ये टाका प्लीज, फ्लॅट नंबर आणि नावं खोडून.