गिअर ऑइल दुधाळ झालं तर "वॉशर बदला, झालं काम" हे खरं नाही

आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागे लावतात त्या मोटरचं, गिअर ऑइल दुधाळ निघालं की काय करायचं, यावर एक सल्ला सध्या जो तो पुढे ढकलतोय. ड्रेन स्क्रूचा (ऑइल काढायच्या खालच्या स्क्रूचा) वॉशर बदला, ऑइल नेहमीपेक्षा जाड भरा, जोडांवर बाहेरून सिलिकॉन फासा आणि प्रेशर टेस्टच्या, म्हणजे आत हवा भरून गळती शोधायच्या, भानगडीत पडू नका, ते नुसतं मेकॅनिकचं बिल वाढवायचं काम आहे. यातला पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे, पण बाकीचे तीन ऐकले तर अख्खा गिअरसेट जाऊ शकतो म्हणून लिहितोय.

आधी वॉशर. ड्रेन आणि व्हेंट (वरचा, हवा जायचा) दोन्ही स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवेच टाकायचे, त्यात वादच नाही. पुष्कळदा जुना वॉशर भोकाच्या तोंडाशी चिकटून राहतो, त्यावरच नवा बसवला जातो आणि मग स्क्रू कितीही आवळा, पाणी जातंच. पण पाणी आत यायच्या वाटा आणखीही आहेत ना. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टची सील, बेअरिंग कॅरिअरचा, म्हणजे त्या शाफ्टचं बेअरिंग धरणाऱ्या भागाचा, ओ-रिंग, वॉटर पंपाच्या खाली दडलेली ड्राइव्हशाफ्टची (इंजिनाकडून खाली गिअरपर्यंत येणाऱ्या उभ्या दांड्याची) सील, गिअर बदलणाऱ्या शिफ्ट रॉडचं सील, आणि कधीतरी कुठे आपटून बॉडीलाच गेलेला तडा. दुधाळ ऑइल एवढंच सांगतं की पाणी आत गेलंय, कुठून गेलं ते सांगत नाही. सगळ्यात आधी पंखा काढून मागे तंगूस गुंडाळलाय का ते बघा, नायलॉनची ती बारीक दोरी शाफ्टवर फिरत फिरत सीलची कड कापते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इम्पेलर, म्हणजे वॉटर पंपातलं पात्यांचं रबरी चाक, बदलून हे पाणी थांबतं असंही काही जण सांगतात, तेही चूक, इम्पेलर गिअर ऑइल अडवतच नाही. हां, ड्राइव्हशाफ्टच्या सीलपर्यंत जायला पंप खोलावाच लागतो, तेव्हा इम्पेलर त्याच वेळी बदलून घ्यावा हे मात्र बरोबर.

जाड ऑइलचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला पटतो. चालताना गिअरकेस (गिअर असतात ती खालची पेटी) गरम होते, मग इंजिन बंद करून बोट पाण्यात उभी राहिली की आतली हवा आणि ऑइल गार होऊन आकसतं आणि आत ओढ तयार होते. गरम पाण्याची झाकण लावलेली प्लास्टिकची बाटली गार झाल्यावर चेपते ना, तसंच, फक्त गिअरकेस चेपत नाही, त्यामुळे फाटलेल्या सीलमधून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. इथे ऑइल जाड असून काय उपयोग? उलट कंपनीने सांगितलेल्या ग्रेड सोडून, म्हणजे बहुतेक मोटरींना ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचं मरीन गिअर ऑइल लागतं ते सोडून, भलतंच काही भरलं तर बेअरिंगला नीट वंगण मिळेल याचीही खात्री नाही. आत राहिलेलं पाणी बोट उभी असताना तळाशी बसतं, बेअरिंग आणि गिअरला गंज धरतो, आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठलं तर बॉडी फुटते.

सिलिकॉनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गळती फिरत्या शाफ्टवर असेल तर बाहेरून फासलेलं काहीही तिथे टिकत नाही.

आता प्रेशर टेस्ट. एक हातपंप, त्यावर गेज आणि व्हेंटच्या भोकात बसणारं अ‍ॅडॅप्टर, एवढंच लागतं. ऑइल पूर्ण काढा, खालचा स्क्रू नव्या वॉशरसह बंद करा, आधी ३ ते ५ पीएसआय (दाबाचं माप) एवढीच हवा भरा, कारण कमी दाबाला गळणारं सील जास्त दाबाला कधीकधी दाबून बसतं आणि टेस्ट पास झाल्यासारखी वाटते. मग साधारण १० पर्यंत न्या, पण शेवटचा आकडा तुमच्या मोटरच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरा, जास्त दाबाने चांगली सीलही बाहेर येतात. मोटर चुकून सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगच्या वायर काढून ठेवा, न्यूट्रलमध्ये पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवत राहा आणि साबणाचं पाणी मारा. गिअरकेस उतरवलेली असेल तर ड्राइव्हशाफ्टही फिरवा, पण वरून बघताना घड्याळाच्या दिशेनेच, नाहीतर इम्पेलरची पाती उलटतात.

यानंतर व्हॅक्युम टेस्टही, म्हणजे आतली हवा ओढून घेऊन, कराच. शाफ्टवर बहुतेक वेळा दोन सील पाठीला पाठ लावून बसवलेली असतात, आतलं सील ऑइल अडवतं, बाहेरचं सील पाणी अडवतं. प्रेशरने आतलं तपासलं जातं, बाहेरचं व्हॅक्युमनेच कळतं. व्हॅक्युम गेजची सुई खाली येत असेल तर संशयाच्या जागी थोडं ऑइल लावा, ते आत ओढलं गेलं की जागा सापडली.

नवं सील बसवायच्या आधी शाफ्टवर नख फिरवून बघा. जुन्या सीलने खाच पाडली असेल आणि नख अडकत असेल तर नवंही गळणार, तिथे रिपेअर स्लीव्ह (शाफ्टवर चढवायची पातळ नळी) बसवा किंवा शाफ्ट बदला. सगळं बसवल्यावर टेस्ट परत करा, मग ऑइल खालच्या भोकातून, वरच्या व्हेंटमधून बाहेर येईपर्यंत भरा म्हणजे आत हवा अडकत नाही, आणि आधी व्हेंटचा स्क्रू लावून मगच खालचा लावा. पहिल्या फेरीनंतर मोटर रात्रभर उभी ठेवून सकाळी खालचा स्क्रू जरासा सैल करा, पाणी असेल तर ऑइलच्या आधी तेच बाहेर येईल.