गोव्यात सोलार चालत नाही म्हणे! आधी हे वाचा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, "गोव्यात चार महिने पाऊस, वर खारं वारं, छपरावर सोलार म्हणजे पैसे पाण्यात, पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी तो जन्मात देत नाही आणि रेडिएशनने कॅन्सर होतो ते वेगळंच." लोक हे वाचून घाबरतात आणि ठरलेला बेत रद्द करतात, म्हणून लिहितोय.

आधी पावसाचं. जून ते सप्टेंबर वीज कमी बनते, आषाढात तर बरीच कमी, हे खरंय. पण ढगातून येणाऱ्या उजेडावरही पॅनल चालतो आणि हिशोब अख्ख्या वर्षाचा धरायचा असतो, नेट मीटर, म्हणजे घेतलेली नि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर असला की उन्हाळ्यात जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे वीजखात्याच्या तारांत जाते नि बिलातून वजा होते. वर्षाची सरासरी काढली तर 1 किलोवॅटला रोज साधारण 4 युनिट पडतात. कोचीला काय पाऊस कमी आहे? समुद्रही जवळच, तरी तिथला विमानतळ 2015 पासून सोलारवर चालतोय.

खाऱ्या वाऱ्याचं म्हणाल तर पॅनलला वर काच, बाजूने अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, गंज धरतं ते खालचं स्ट्रक्चर. साध्या लोखंडी अँगलला रंग फासून कोणी बसवून देत असेल तर सरळ नाही म्हणा. गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) स्ट्रक्चर, स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट आणि सॉल्ट मिस्ट टेस्ट (खाऱ्या हवेत टिकतो का याची चाचणी) झालेले पॅनल, हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या.

पॅनल बनवायला लागलेली वीज आपल्याकडच्या उन्हात साधारण वर्ष-दीड वर्षात भरून निघते, आणि वीज देत राहण्याची वॉरंटी साधारण 25 वर्षांची असते. रेडिएशनची भीती तर पार खोटी, पॅनल ऊन घेतो आणि डीसी करंट (बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज) देतो, बस.

पैसे पाण्यात म्हणणाऱ्यांनी सबसिडी तरी बघायची होती, पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात. आणि दुसरं म्हणजे, गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते, त्यात कोळशाची भरपूर. बाहेरची वीज आणणारी हाय टेन्शन लाइन मोलेच्या जंगलातून नको म्हणून 2020 मध्ये आपलीच पोरं उभी राहिली होती ना, मग आपल्याच छपरावर बनणाऱ्या विजेला नावं कशाला ठेवायची?

खरी अडचण त्या मेसेजमध्ये आलीच नाही, ती म्हणजे माड! पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर झावळीची सावली पडली तरी अख्ख्या रांगेची वीज खाली येते. म्हणून बसवायच्या आधी सकाळी, दुपारी, चार वाजता छपरावर सावली कुठे कुठे फिरते ते स्वतः बघा, आणि डिसेंबरातही बघा, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो नि सावल्या लांबतात. दुसरं, साधा ऑन-ग्रिड (बॅटरी नसलेला, थेट ग्रिडला जोडलेला) सोलार लाइट गेली की बंद पडतो, तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तो मुद्दाम तसाच बनवलेला असतो. तुमच्या वाड्यावर पावसात सारखी लाइट जात असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, महाग पडेल, पण आधीच विचारून ठेवा.