‘आवाजावरून गोळीबार ओळखा’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगली-साताऱ्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. गोळीबाराचा आवाज आणि फटाक्याचा आवाज यांतील फरक कोणालाही कानानेच ओळखता येतो, असे त्यात ठामपणे म्हटलेले असते आणि त्यासाठी काही नियम दिलेले असतात. गोळीचा आवाज फटाक्यापेक्षा मोठा असतो; तो एकच, कोरडा आणि टोकदार असतो, घुमत नाही; गोळ्या समान अंतराने सुटतात, फटाके मात्र वेडेवाकडे वाजतात; आधी शिट्टी ऐकू आली नसेल तर ती गोळीच; आणि पाठोपाठ बंदुकीच्या दारूचा वास आला तर शंकेला जागा उरत नाही. सोबत ‘ऐका आणि फरक ओळखा’ अशी ध्वनिफीत, ‘माजी सैनिकांनी दिलेली माहिती’ अशी मोहोर आणि शेवटी ‘पूर्ण खात्री झाल्यावरच पोलिसांना कळवा’ असा सल्ला असतो. यांपैकी एक नियम अर्धा खरा आहे, एक जवळजवळ उलटा आहे आणि बाकीचे, आपण आवाजापासून किती दूर व कोठे उभे आहोत हे न विचारताच लिहिलेले आहेत.

आवाजाच्या मोठेपणाचा नियम आकड्यांपुढेच टिकत नाही. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर ज्याचा क्षणिक उच्चांक १४५ डेसिबलच्या वर जातो असा फटाका बनवता, विकता किंवा वाजवता येत नाही. म्हणजे कायद्यात बसणारा फटाकासुद्धा त्या पातळीच्या जवळ जाऊ शकतो, बेकायदा बनवलेल्याची तर गोष्टच नको. पिस्तूल किंवा रायफल चालवणाऱ्याच्या कानाजवळ हा उच्चांक साधारण १५० ते १६५ डेसिबल असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे चार-पाच मीटरवर मोजले तर दोन्ही आवाज जवळपास एकाच पट्ट्यात येतात. त्यात बंदुकीचा आवाज सर्व दिशांना सारखा जात नाही. नळीच्या तोंडासमोर तो सर्वांत मोठा आणि मागच्या बाजूला बराच कमी असतो. दोन गल्ल्या पलीकडे झाडलेल्या गोळीपेक्षा दारात लावलेला सुतळी बॉम्ब कितीतरी मोठा वाजणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

टोकदारपणा आणि घुमणे यांविषयीचा नियम संदेशाचा कणा आहे, म्हणून त्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. गोळी सुटताना नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा दणका काही हजारांश सेकंद टिकतो आणि जवळ फुटलेल्या सुतळी बॉम्बचा दणकाही तितकाच अल्पजीवी असतो. आपण नंतर जे ऐकतो, त्यातला मोठा भाग त्या जागेने तयार केलेला असतो. हवा उंच पट्टीतले ध्वनी आधी शोषून घेते आणि खालच्या पट्टीतले दूरवर जाऊ देते. त्यामुळे जवळून ‘फट्’ असा ऐकू येणारा बार किलोमीटरभरावरून ‘धप्’ असा येतो, मग तो काडतुसाचा असो की फटाक्याचा. सातारा शहर अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या डोंगरउतारांच्या कुशीत वसले आहे आणि तेथे कोणताही मोठा आवाज डोंगरावर आदळून परत येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून पाचशे मीटरवरच्या उतारावरून परतणारा पडसाद जवळजवळ तीन सेकंदांनी ऐकू येतो आणि तो दुसरा बार वाटू शकतो. सांगलीत डोंगर नाहीत, पण गावभागातल्या अरुंद बोळांत समोरासमोरच्या भिंती तेच काम इतक्या पटकन करतात की वेगळा पडसाद कळत नाही, नुसता आवाज लांबतो. थंडीच्या रात्री कृष्णाकाठी जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असली की एरवी वर निसटणारा आवाज खाली वळतो आणि एरवी ऐकू न येणाऱ्या पलीकडच्या गावातला बार अंगणात वाजल्यासारखा भासतो. यांपैकी कशाचाही संबंध बार कशाचा होता याच्याशी नाही. घुमणे हा जागेचा गुण आहे. संदेशाने तो फटाक्याच्या नावावर लिहून टाकला आहे.

‘माजी सैनिकांनी दिलेली माहिती’ ही मोहोर सातारा जिल्ह्यात विशेष वजनदार ठरते, कारण येथे गावोगावी निवृत्त फौजी आहेत आणि अपशिंगेसारख्या गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. त्यांच्या अनुभवाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो अनुभव कशाचा आहे, एवढेच पाहायचे. सेल्फ-लोडिंग रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीच्या जवळपास अडीचपट वेगाने सुटते. अशी गोळी स्वतःबरोबर हवेचा एक आघात घेऊन जाते आणि ती डोक्यावरून गेली की आधी ‘तड्’ असा चाबकासारखा आवाज येतो, मग काही क्षणांनी रायफलचा खरा दणका पोहोचतो. या दोन आवाजांतल्या अंतरावरून गोळी कोठून आली याचा अंदाज घेण्याचे शिक्षण सैनिकाला दिले जाते, आणि ज्याने फायरिंग रेंजवर लक्ष्याखालच्या खंदकात काम केले आहे त्याला ते आयुष्यभर विसरता येत नाही. परंतु हा ‘तड्’ ऐकण्यासाठी गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असावी लागते आणि ऐकणारा तिच्या मार्गाजवळ असावा लागतो. .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी ध्वनीहून मंद असते. गावठी कट्ट्याच्या बाबतीत तर नळी, काडतूस आणि त्यांचा मेळ यांवरच सारे अवलंबून असते. म्हणजे सैनिकाने सांगितलेली खूण खरी असली, तरी गल्लीत झाडलेल्या पिस्तुलाच्या बाबतीत ती बहुधा हाती लागत नाही. आणि लागली तरी ती एकाच्या ऐवजी दोन आवाज देते, जे संदेशातल्या ‘एकच कोरडा आवाज’ या नियमाच्या बरोबर विरुद्ध आहे.

समान अंतराचा नियम स्वयंचलित शस्त्रापुरता समजण्यासारखा आहे. एके-४७ मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांच्या गतीने, म्हणजे सेकंदाला दहा, असा मारा करते आणि तो यंत्राच्या चालीने होतो. पिस्तुलाचा चाप मात्र माणूस ओढतो. घाबरलेला, पळणारा किंवा नेम धरणारा माणूस तो समान अंतराने ओढत नाही, आणि एकबारी कट्टा तर प्रत्येक वेळी उघडून पुन्हा भरावा लागतो. दुसरीकडे, हल्ली लग्नाच्या वरातीत आणि दिवाळीत तीस किंवा साठ शॉटची जी खोकी लावतात, त्यांतले बार वातीच्या ठरलेल्या लांबीमुळे इतक्या नियमित अंतराने सुटतात की संदेशाचा नियम लावला तर प्रत्येक वरातीवर पोलीस बोलवावे लागतील. उलट दिशेचे उदाहरण अधिक गंभीर आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी भारताने कटकला इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना जिंकला होता आणि त्या रात्री दक्षिण मुंबईत एके-४७ चे पहिले आवाज कानावर आले तेव्हा अनेकांना ते विजयाचे किंवा लग्नाचे फटाके वाटले. ज्या शस्त्राला हा नियम सर्वांत चपखल लागू पडतो, त्याच शस्त्राच्या बाबतीत कानाने दगा दिला, कारण माणूस आवाज एकटा ऐकत नाही, त्या दिवशी काय घडणे संभवते ते मनात धरून ऐकतो.

शिट्टीचा नियम अर्धा खरा आहे. शिट्टी, पाठोपाठ आकाशात रंगीत उजेड आणि मग तडतड असा क्रम दिसला-ऐकला तर ती आतषबाजीच होय. जमिनीवरून ‘धप्’ असा आवाज, दोन-तीन सेकंदांची शांतता आणि मग वर स्फोट, हा क्रमही तसाच विश्वासार्ह आहे. परंतु शिट्टी नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण लवंगी माळ, लक्ष्मी बॉम्ब, सुतळी बॉम्ब यांतले काहीही शिट्टी वाजवत नाही.

वासाचा नियम मात्र जवळजवळ उलटा आहे. ज्याला आपण दारूचा वास म्हणतो तो मुख्यतः जळलेल्या गंधकाचा असतो. जुनी काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची (ढोबळमानाने ७५, १५ आणि १० या प्रमाणात) बनते आणि फटाक्यांत गंधक आजही वापरले जाते. आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली असते, तिच्यात गंधक नसते. तेव्हा गल्लीत गंधकाचा उग्र वास आणि दाट पांढरा धूर पसरला असेल तर अंदाज फटाक्याकडे झुकवावा. अपवाद ठासणीच्या बंदुकीचा, कारण तिच्यात काळी दारूच असते. नाकाचे सोडा, प्रयोगशाळेलासुद्धा येथे जपून चालावे लागते. झाडलेल्या काडतुसाच्या टोपीतून उडणाऱ्या कणांत शिसे, बेरियम आणि अँटिमनी एकत्र सापडतात. हिरव्या रंगाच्या आतषबाजीतही बेरियम वापरले जात असे, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. म्हणून एकट्या बेरियमला महत्त्व न देता तिन्ही मूलद्रव्ये एकाच कणात आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

सोबतच्या ध्वनिफितीविषयी थोडक्यात. मोबाइलचा मायक्रोफोन एवढा मोठा क्षणिक दणका पेलू शकत नाही; तो आवाजाचे टोक कापून टाकतो, फोन आपोआप ध्वनिपातळी खाली आणतो आणि पाठवताना फीत आणखी आक्रसते. ज्या टोकात फरक असण्याची शक्यता होती, तेच आधी नाहीसे होते.

संदेशात जगात दोनच आवाज आहेत असे गृहीत धरले आहे, आणि आपल्या भागात तर ते मुळीच खरे नाही. शिराळा, पाटण, जावळीच्या बाजूला रानडुकरे आणि गवे पिकात उतरतात, तेव्हा शेतकरी रात्री सुतळी बॉम्ब लावतो, कोणी पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बार काढतो, आणि काहींकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूकही असते. तेथे खरी बंदूक वाजूनही गुन्हा घडलेला नसतो. शहरात बुलेट मोटारसायकलचा बदललेला सायलेन्सर मुद्दाम फट्फट् वाजवला जातो. उसाच्या ट्रॉलीचे टायर फुटते. खाणीत सुरुंग लागतो. तासगाव तालुक्यातल्या कवठेएकंद येथे दसऱ्याच्या रात्री श्री सिद्धराजांच्या पालखीसमोर जी आतषबाजी होते, त्या रात्री आसपासच्या गावांनी हा संदेश वाचून काय करावे, हे तो लिहिणाऱ्यानेच सांगावे. लग्नात हवेत झाडलेली गोळी मात्र ‘नुसता आनंद’ या सदरात मोडत नाही. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मानवी कानाला जमत नसेल तर यंत्राला तरी जमते का, असे कोणी विचारील. अमेरिकेत शिकागो शहराने ध्वनिसंवेदक आणि संगणक यांच्या आधारे गोळीबार ओळखणारी शॉटस्पॉटर ही यंत्रणा अनेक वर्षे वापरली. २०२१ मध्ये तेथील महानिरीक्षक कार्यालयाने (शहराच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाने) तपासले, तेव्हा तिच्या इशाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के ठिकाणीच बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा पोलिसांच्या हाती लागल्याचे आढळले. बाकीचे सर्व फटाकेच होते असा याचा अर्थ नव्हे. पण एकापेक्षा अधिक संवेदकांची नोंद, संगणकाचा निर्णय आणि ती पुन्हा ऐकणारी माणसे इतके असूनही प्रत्यक्ष पडताळणीत हाती एवढेच आले. शहराने २०२४ मध्ये ती यंत्रणा बंद केली.

राहिला ‘खात्री झाल्यावरच कळवा’ हा सल्ला, आणि माझ्या मते संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे. खात्री करण्यासाठी माणूस गच्चीवर चढतो, खिडकी उघडतो किंवा आवाजाच्या दिशेने चालू लागतो. ती गोळी असेल तर याहून वाईट कृती नाही. ११२ वर फोन करताना आवाज कशाचा होता हे सांगणे बंधनकारक नाही. किती वाजता, किती बार, कोणत्या दिशेने, उजेड किंवा धूर दिसला का, ओरडण्याचा किंवा गाडी पळाल्याचा आवाज आला का, एवढे सांगितले की पुरे, आणि ते भिंतीच्या आडून सांगता येते. निर्णय नंतर जागेवर होतो: भिंतीतले छिद्र, छर्रे, जखम, पुंगळी (काडतुसाचे रिकामे कवच) यांवरून. त्यातही पुंगळी सापडली नाही म्हणून गोळीबार झालाच नाही असे ठरवता येत नाही, कारण आपोआप भरणारे पिस्तूल ती बाहेर फेकते, पण रिव्हॉल्व्हरमध्ये ती चक्रातच राहते आणि एकबारी कट्ट्यात नळीतच. आणि सापडली तर ती उचलून गटावर फोटो टाकण्याआधी जेथे आहे तेथेच राहू द्यावी.