युरोपात एलएलएम फुकट आणि डिग्री मिळाली की तिथंच वकिली? त्या मेसेजमधल्या दाव्यांबद्दल

लॉच्या पोरापोरींच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. युरोपात एलएलएम (लॉच्या डिग्रीनंतरची मास्टर्स) फुकट आहे, सगळं इंग्रजीत आहे, एका वर्षात डिग्री, डिग्री मिळाली की तिथंच वकिली सुरू, आणि नाहीच जमलं तर परत येऊन डायरेक्ट प्राध्यापक किंवा जज. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासनं लॉकडं वळणारी पोरं वाढलीत, चांगलंच आहे, पण आईबाप शेतावर कर्ज काढायची भाषा करायला लागलेत म्हणून हे लिहायला बसलो.

पहिलं ‘फुकट’. ही गोष्ट मुख्यतः जर्मनीच्या सरकारी युनिव्हर्सिटीवरनं आलीय आणि तिथंही ती अर्धीच खरी आहे. इंग्रजीतले बरेच एलएलएम हे आधीच डिग्री आणि अनुभव असलेल्यांसाठीचे कोर्स म्हणून चालतात आणि त्यांना फी असते. हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहेत त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गनं २०१७ पासनं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी लावलीय. स्वीडननं २०११ ला, फिनलंडनं २०१७ ला आणि नॉर्वेनं २०२३ ला बाहेरच्यांना फी सुरू केली. आणि फी शून्य धरली तरी जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे खर्चासाठी अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात, म्हणजे आजच्या भावानं १२ लाखांच्या आसपास, आणि तिथं गेल्यावर त्यातनं महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासनं भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं, त्याला वेळ जातो. यातलं एक अक्षर त्या मेसेजमध्ये नाही, आणि मला सगळ्यात राग याचाच येतो.

‘सगळं इंग्रजीत’ म्हणाल तर नेदरलँड्स, बेल्जियम, स्वीडनमध्ये इंग्रजी कोर्स भरपूर आहेत, नेदरलँड्समधलं लायडन आणि बेल्जियममधलं ल्युव्हेन या युनिव्हर्सिटींची नावं तर बऱ्याच जणांना माहीत आहेत. पण जर्मनीत परदेशी लॉ ग्रॅज्युएटसाठी जो स्वस्तातला एलएलएम असतो तो बहुतेक ठिकाणी जर्मनमधनं असतो आणि भाषा चांगली पक्की लागते. म्हणजे स्वस्त आणि इंग्रजी हे दोन्ही एकत्र सापडणं अवघड, आणि मेसेजनं नेमकं तेच एकत्र करून टाकलंय.

आता ‘तिथंच वकिली’, हा सगळ्यात घातक दावा. जर्मनीत वकील व्हायला आधी लॉचं पूर्ण शिक्षण, मग पहिली सरकारी परीक्षा, मग दोन वर्षं ट्रेनिंग, मग दुसरी सरकारी परीक्षा, आणि हे सगळं जर्मनमधनं. वर्षाचा एलएलएम यातलं काहीच भरून काढत नाही. नेदरलँड्समध्येही वकिलीला डच कायद्याची ठराविक डिग्री लागते. युरोपियन युनियनमधले वकील एकमेकांच्या देशात जाऊन काम करू शकतात हे खरं, पण ती सोय त्यांच्या नागरिकांना आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला २०२१ पासनं एसक्यूई परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तिथं एलएलएमची अटच नाही, मग वकिलीसाठी म्हणून तिथं एलएलएमला पैसे घालायचे कशाला? मला वाटतं हा गोंधळ अमेरिकेवरनं आलाय, न्यूयॉर्कमध्ये काही अटींवर एलएलएम करून बार एक्झामला, म्हणजे वकिलीच्या परीक्षेला, बसता येतं, तेच कुणीतरी युरोपला चिकटवलं.

हां, जर्मनीत शिकल्यावर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं हे बरोबर आहे. पण ती नोकरी कंपनीत कंप्लायन्स (कंपनी नियम पाळते का ते बघणं), कॉन्ट्रॅक्ट, डेटा प्रायव्हसी असल्या कामाची शोधायची, कोर्टात उभं राहायची नाही, आणि जर्मन येत नसेल तर तीही लवकर मिळत नाही.

मग जाऊच नये का, तर असं अजिबात नाही. विषय ठरवून जा. आपल्या चपलेचंच घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीनं तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा सगळीकडं आरडाओरडा झाला, जनहित याचिका झाली, ती हायकोर्टानं फेटाळली. मूळ अडचण ही की आपला १९९९ चा जीआय कायदा भारताच्या हद्दीत चालतो, मिलानमध्ये नाही. आणि आता युरोपियन युनियननं हस्तकलेच्या वस्तूंसाठी जीआयचा नवा कायदा केलाय, १ डिसेंबर २०२५ पासनं तो लागू आहे, बाहेरच्या देशातल्या उत्पादकांनाही अर्ज करता येतो आणि अर्ज युनियनच्या स्पेनमधल्या अलिकांते शहरातल्या बौद्धिक संपदा (जीआय, पेटंट, ट्रेडमार्क असले हक्क) ऑफिसात जातो. कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या चपलेच्या कारागिरांचा असा अर्ज नीट तयार करणारा माणूस आपल्यात पाहिजे की नको? त्याच अलिकांतेच्या युनिव्हर्सिटीत बौद्धिक संपदेचा मास्टर्स आहे, म्युनिकमध्ये युरोपियन पेटंट ऑफिस आहे आणि याच विषयाचा एलएलएमही आहे. हे शिकून कोल्हापुरात बसून असले अर्ज तयार करायचं काम करता येतं.

‘परत येऊन प्राध्यापक’ म्हणाल तर बार कौन्सिल ऑफ इंडियानं जानेवारी २०२१ च्या नियमांत परदेशातल्या एक वर्षाच्या एलएलएमला आपल्या एलएलएमच्या बरोबरीचा धरायला नकार दिला, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आणि शिकवायला नेट-सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी लागतेच. जजचं तर २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनला तीन वर्षं प्रॅक्टिस पाहिजे. परदेशी डिग्रीनं ती तीन वर्षं भरून निघत नाहीत.

स्कॉलरशिपबद्दल मेसेजमध्ये एवढंच की ‘सगळ्यांना मिळते’. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची वेगळी आहे. जागा मोजक्या, आणि शाहू महाराजांच्या योजनेत युनिव्हर्सिटी क्यूएस या जगभरच्या युनिव्हर्सिटींच्या रँकिंगमध्ये पहिल्या २०० च्या आत लागते. म्हणून कुठल्याही एजंटनं एखाद्या खाजगी कॉलेजचं ऑफर लेटर हातात दिलं तर पैसे भरायच्या आधी ते नाव रँकिंगमध्ये बघा आणि योजनेची त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, उत्पन्नाची अट त्यातच लिहिलेली असते.