पाणी तपासलं म्हणता, पण कुठल्या विहिरीचं आणि कधी?

पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आता बायोमायनिंग, म्हणजे जुना ढीग उकरून कचरा वेगळा करून हलवणं, चाललंय, पाण्याचे नमुनेही घेतात, अजून काय पाहिजे तुम्हाला?"

सांगतो. विहीर कुठली ते पाहिजे, तारीख पाहिजे, आणि त्या दिवशी कालव्याला पाणी होतं का, तेही पाहिजे.

कालव्याचं शहरातल्या मंडळींना विचित्र वाटेल. फुरसुंगीतून मुठा नदीचा उजवा कालवा जातो. आवर्तन, म्हणजे कालव्यात ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, सुटलं की कालव्याखालच्या विहिरींना पाझर लागतो, पातळी चढते आणि आत जी काही घाण असेल ती पातळ होते. त्या आठवड्यात बाटली भरली तर अहवाल गोड येणारच! आवर्तन बंद झाल्यावर मे महिन्यात त्याच विहिरीचं पाणी भरा, मग बोलू.

पुण्याचा कचरा इथं १९८० च्या दशकापासून पडतोय. डेपोची जागा १६३ एकर, आणि कित्येक वर्षं सगळं उघड्यावर. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, म्हणजे लिचेट, मुरमातून खाली उतरतं आणि कातळाला जिथं भेग सापडेल तिथून वाट काढतं. आपला हा काळा पाषाण, वाळू नव्हे. त्यामुळे कुंपणालगतची बोअर साफ निघू शकते आणि लांबच्या मळ्यातली विहीर नासू शकते. २०१६ च्या घनकचरा नियमांत (२०२६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) लँडफिलच्या, म्हणजे कचरा टाकून पुरायच्या जागेच्या, हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासा असं लिहिलं होतं. ऋतूंचं ठीक आहे, पण ते ५० मीटर कातळातल्या भेगेला कोण सांगणार? त्याच नियमांत लँडफिल सुरू करण्याआधी भूजलाची मूळ नोंद घ्या असंही होतं. इथं डेपो आधी आला, नियम नंतर. आता तुलनेला एकच मार्ग उरतो: डेपोच्या चढाकडची, डेपोचं पाणी न पोचणारी विहीर कायमची नेमून ठेवायची आणि उताराकडच्या विहिरी तिच्याशी ताडून बघायच्या.

काय तपासतात, तेही बघा. भूजलासाठी २०१६ च्या नियमांतल्या यादीत शिसं, पारा, कॅडमियम, नायट्रेट, क्लोराइड होतं, अमोनिया नव्हता. ढिगाच्या पोटात हवा नसते, तिथला नायट्रोजन बहुतेक अमोनियाच्या रूपात असतो. म्हणजे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसलं म्हणून पाणी निर्दोष सुटलं असं होत नाही. माझा भरवसा क्लोराइडवर. ते मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर धावतं, म्हणून चुगली सगळ्यात आधी तेच करतं. अर्थात ते सांडपाण्यातूनही येतं, खतांतूनही येतं. म्हणून क्लोराइड आणि अमोनिया जोडीनं बघायचे, आणि चढाकडच्या विहिरीसकट.

नमुना घेणं हीसुद्धा कला आहे. बोअर चालू केली की आधी पाइपात साचलेलं पाणी येतं; मोटर बराच वेळ चालवून, वाहकता मीटरचा (पाण्यात क्षार किती विरघळलेत याचा अंदाज देणारा) आकडा एका जागी ठरल्यावर बाटली भरायची. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकावे लागतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला धरून बसतात आणि प्रयोगशाळेत पोचतं ते 'स्वच्छ' पाणी. घाईत असलेला माणूस यातलं काय काय करत असेल, तुम्हीच विचार करा. ओढ्याचं तर आणखी सोपं: डेपोच्या वर एक जागा, खाली दोन, आणि पहिल्या मोठ्या पावसात धावत जाऊन बाटल्या भरायच्या. पंधरा दिवसांनी गेलात तर काळं पाणी कधीच पुढं गेलेलं असतं.

२०१७ मध्ये ही गावं महापालिकेत गेली, २०२४ मध्ये बाहेर निघून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कचरा शहराचा, विहिरी नगरपरिषदेच्या. तपासणीचा खर्च कुणी करायचा यावर आता पत्रापत्री होऊ नये एवढीच इच्छा. माझं मत स्पष्ट आहे: ज्याचा कचरा, त्याचं बिल. आणि ढीग हलला म्हणून बिल थांबत नाही. लँडफिल बंद झाल्यावरही किमान १५ वर्षं देखभाल करा आणि भूजलावर लक्ष ठेवा असं २०१६ च्या नियमांतच सांगितलं होतं, आणि कातळात मुरलेलं पाणी पोकलेननं उचलता येत नाही.

ज्यांच्याकडे आपल्या विहिरीचे जुने अहवाल पडलेत, त्यांनी फोटो काढून मला मेसेंजरवर पाठवा. नाव झाका, गट नंबर झाका. तारीख, डेपोपासूनचं अंतर आणि क्लोराइडचा आकडा तेवढा दिसू दे. सगळं एका तक्त्यात मांडून इथंच टाकतो.